जवळ्यावरून गेलेली सायकल

बाई,

काल मी जवळ्यावर सायकल घालता घालता वाचले. तुम्ही असता तर टाळ्या वाजवल्या असत्या, कारण मला ब्रेक लागला. तुम्हाला लागला नव्हता. खाडीकडच्या रस्त्याच्या कडेनं आता एक हिरवा पट्टा रंगवलाय, खास सायकलींसाठी. त्यावर पांढऱ्या रंगात सायकलीचं चित्रही काढलंय, हँडल आणि दोन्ही चाकं व्यवस्थित. आणि त्या पट्ट्यावर सायकल सोडून बाकी सगळं असतं. मोटारी उभ्या असतात, वडापावची गाडी असते, कुणाच्या तरी मांडवाचे बांबू असतात, आणि पावसाळ्याआधी आमच्या दिवाळे गावच्या बायका त्यावर जवळा, ती बारीक कोळंबी, वाळत घालतात. हिरव्यावर गुलाबी, दिसतं मात्र छान. मी ऑफिसला निघाले होते. वळणावर माझं पुढचं चाक जवळ्यापासून वीतभर अंतरावर थांबलं, आणि त्या जवळ्याची मालकीण, माझ्या मुलीच्या वयाची असेल, कमरेवर हात ठेवून ओरडली, "गो बाय! डोले फुटले काय तुजे?" मला इतकं हसू आलं की सायकलवरून उतरावं लागलं. तिला वाटलं, ही म्हातारी कामातून गेली. बेलापूरला पोचेपर्यंत मी हसत होते, आणि दुपारी डबा उघडला तेव्हा ठरवून टाकलं की तुम्हाला लिहायचं. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, पत्र कुठं पोचायचं, हे प्रश्न मी डब्याबरोबर बंद करून ठेवले.

तुम्हाला तो रस्ता आठवतोय ना? तेव्हा तो नुकताच झाला होता. मिठागरं गेली, भाताची खाचरं गेली, त्यांवर भराव पडला, आणि भरावावर हा एवढा रुंद काळाभोर डांबरी रस्ता आला. त्यावर वाहन म्हणून काही नाही. दिव्यांचे खांब होते, दिवे नव्हते. सेक्टरांच्या नंबरांच्या पाट्या होत्या, पाटीमागं नुसतं गवत आणि गवतात बगळे. इथं 'न्यू बॉम्बे' होणार असं सगळे सांगायचे, पण ती कधी होणार हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आमच्या गावात त्या रस्त्यावरून न्यायला होडीशिवाय काही नव्हतं. मग बायकांनी रस्त्याचा उपयोग शोधून काढला. वाळूत सुकवलेल्या जवळ्याला रेती लागते, डांबरावर लागत नाही, आणि मे महिन्यात डांबर असं तापतं की सकाळी घातलेला जवळा संध्याकाळी खडखडीत वाळतो. माझी आय म्हणायची, "सरकारनी पयल्यांदा कायतरी आमच्या कामाचं केलं."

मी तेव्हा सातवी पास झाले होते. गावची शाळा सातवीपर्यंतच. पुढची शाळा नव्या वसाहतीत, भराव ओलांडून, चालत जायचं तर उन्हापावसात चांगली तंगडतोड, आणि बस असून नसल्यासारखी. मुलगे जायचे. मुलींना सातवीनंतर पाटी मिळायची, लिहायची नव्हे, डोक्यावर घ्यायची. आयनं माझ्यासाठी नवी पाटी आणून पडवीत टांगलीसुद्धा होती. वसाहतीत बिऱ्हाडं यायला लागली होती, गिऱ्हाईक वाढणार होतं, आणि तिला एका डोक्यानं पुरेना. तिचंही काही चुकत नव्हतं. पण मला आठवी हवी होती. भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशांचं मला वेड होतं, आणि त्या नकाशांत आमची खाडी होती पण आमचं गाव नव्हतं, याचा भयंकर रागही होता. कुणाशी भांडायचं तेवढं कळत नव्हतं. पडवीतून जाताना मी त्या पाटीकडं बघायचं टाळायचे.

आणि मग एका सकाळी तुम्ही पुलाच्या उतारावरून आलात. आधी घंटा ऐकू आली. आम्ही जवळा परतत होतो, मी, आय आणि शेजारच्या चारपाच जणी. त्या ओसाड रस्त्यावर घंटा वाजवायचं कुणाला काय कारण, म्हणून सगळ्यांनी माना वर केल्या, तर सुती साडीतली, पदराला पिन लावलेली, चष्मा घातलेली बाई सायकलवरून सुसाट खाली येतेय! बाई आणि सायकल या दोन गोष्टी आम्ही एकत्र कधी पाहिल्याच नव्हत्या. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. अजूनही लिहिताना येतोय, बघा. तुम्ही नंतर सांगितलंत की तुम्हाला वाटलं, रस्त्याच्या कामासाठी कुणी मुरूम पसरलाय, आणि पुण्यात तुम्ही मुरमावरून पुष्कळ सायकल चालवली होती. पुण्याच्या शाकाहारी माणसाला लांबून जवळा मुरमासारखा दिसत असेल, मी नाही म्हणत नाही. पण अर्धवट वाळलेला जवळा साबणासारखा असतो. चाक त्यात शिरलं, सायकल एकीकडे गेली, आणि तुम्ही दोन्ही हात पुढं करून पोहल्यासारख्या दुसरीकडे गेलात. केसात जवळा, बाहीत जवळा, चष्म्यावर जवळा. पदराची पिन मात्र जागच्या जागी.

आय तर उसळलीच. पावसाळाभर पुरवायचा जवळा तो. "गो बाय! डोले फुटले काय तुजे? गो बाय, ऊठ आदी त्यातनं! गो बाय!" आणि तुम्ही काय केलंत? तुम्ही तशाच गुडघ्यांवर बसून हात जोडलेत आणि तुमचा चेहरा उजळला. "हो, हो, मीच! मीच नव्या शाळेतल्या बाई. कमाल आहे हो तुमची! मला इथं येऊन चार दिवस नाही झाले, आणि तुम्ही मला ओळखलंत?" आयचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. बाकीच्या बायका फिदीफिदी हसायला लागल्या आणि तुम्हाला वाटलं, स्वागताचंच हसतायत. आय माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "हिच्या डोक्याला लागलंय. पानी आन." मी धावत गेले. तांब्या घेऊन परत आले तर तुम्ही जवळा निवडत बसला होतात, सगळ्यांच्या बरोबरीनं, डांबरावर मांडी घालून, नाकाला पदर न लावता. तिथंच तुम्ही विषय काढलात. सातवी झालेल्या मुली कुठं आहेत, आठवीत का नाही पाठवत. आय म्हणाली, "चालत जाईल तर परत येईस्तवर सांज. मंग पाटी कोन घेईल?" तुम्ही म्हणालात, "सायकलनं येईल की. अर्धा तास पुरे." आयनं तुमच्याकडं नीट पाहिलं, कोपरावर खरचटलेलं, साडीला मासळीचा वास. म्हणाली, "तुमी पडल्या ना आताच!" तुम्ही खळखळून हसलात, आणि मला वाटतं आयला तुम्ही तिथंच आवडलात. पण ती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. ती फक्त खराटा घेऊन उरलेला जवळा सारखा करायला लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही पुन्हा आलात, या वेळी जवळ्याच्या अलीकडे उतरून, सायकल हातात धरून. आणि मला हाताला धरून सीटवर बसवलंत. बाई, ते दिवस! मे महिन्याच्या त्या संध्याकाळी, खाडीवरून वारा सुटलेला, रस्ता सगळाच्या सगळा आपला. तुम्ही मला ब्रेकच्या आधी घंटा शिकवलीत. "घंटा वाजली की माणूस बाजूला होतो," तुम्ही म्हणायचात. इथं बाजूला व्हायला माणूसच नव्हता. मी घंटा वाजवत होते बगळ्यांना, चिंबोऱ्यांना, रस्त्याच्या मधोमध रवंथ करणाऱ्या म्हशीला, आणि सेक्टरांच्या पाट्यांना, जिथं पुढं लोक राहायला येणार होते. न आलेल्या शहराला मी ओरडून सांगत होते, बाजूला व्हा, मी येतेय! तुम्ही साडी खोचून कॅरियर धरून मागं पळत होतात आणि धापा टाकत म्हणत होतात, "वाकू नकोस! अगं, हँडल सोड, मान धर... नाही, उलट!" किती वेळा पडले त्याचा हिशोब नाही. घरी आय खोबरेल लावायची गुडघ्यांना. आणि मी पाहत होते. आम्ही शिकत असू तेव्हा ती जवळा गोळा करायला मुद्दाम उशीर करायची, आणि तोंड आमच्याकडे असायचं.

आणि वसाहतीच्या चौकातल्या सर्कलचा तो दिवस. कॅरियरवरचा तुमचा हात सुटला, मला कळलंच नाही कधी, आणि मी चालवतेय, चालवतेय, वर आलेल्या इमारतींच्या सळया दोन्ही बाजूंनी मागं जातायत, आणि समोर तो मोठा गोल. मी गोलाला वळसा घातला. मग दुसरा घातला. मग माझ्या लक्षात आलं की तुम्ही मला उतरायचं शिकवलेलंच नाही. तुम्ही मधल्या मातीच्या ढिगावर उभ्या राहून माझ्याबरोबर गोल फिरताय, "ब्रेक! ब्रेक!" आणि मी ओरडतेय, "कंचा ब्रेक?" बांधकामावरचा रखवालदार भैया चहाचा पेला हातात घेऊन बाहेर आला आणि त्यालाही चेव चढला, "बेटी, दीवार को लगा दे!" मला थांबायचं नव्हतंच, बाई. रडू येत होतं आणि हसू येत होतं आणि पाय थांबत नव्हते. शेवटी मीच वाळूच्या ढिगाऱ्यात घातली. तुम्ही धावत आलात, मला ओढून काढलंत, आणि आधी काय पाहिलंत? सायकलीचं चाक. "आहे, आहे, सरळ आहे," म्हणालात. मग मला मिठी मारलीत.

शाळा उघडायच्या आदल्या रविवारी तुम्ही तुमच्या बहिणीची जुनी सायकल एसटीच्या टपावर टाकून पुण्याहून आणलीत. बहिणीचं लग्न होऊन ती दूर गेली होती, सायकल अंगणात उभी होती, एवढंच म्हणालात. काळी, पुढं वेताची बास्केट, मागं भक्कम कॅरियर. ती आमच्या पडवीत त्या टांगलेल्या पाटीखालीच उभी राहिली. रात्री मला झोप नाही. पहाटे डोळा उघडला तर आय उठलेली, आणि खुंटीवर पाटी नाही. संपलं, मला वाटलं. बाहेर आले. आय पडवीत वाकून ती पाटी जाळ्याच्या दोरीनं सायकलीच्या कॅरियरला बांधत होती. कोळणीची गाठ, हलायची नाही. पाटीत खाडीची चिंबोरी आणि वर ओलं फडकं. "आदी वसाहतीत जायाचं," ती म्हणाली, "मंग तुजी शाला." ती बाजूनं चालली, मी सायकल धरून. रोज तिच्या मानेवर असायचं ते ओझं आज चाकांवर होतं, आणि ती दोन्ही हात मोकळे सोडून चालत होती. कसं चालायचं ते विसरल्यासारखी हात हलवत होती. दुसऱ्या गावच्या कोळणी बसची वाट पाहत थांबल्या होत्या तोवर आमची पाटी दोन जिन्यांतच रिकामी झाली. एका गिऱ्हाइकीणबाईनं विचारलं, "ही कोण गं तुझ्याबरोबर?" आय म्हणाली, "ही? आमची बाय. आठवीला हाय." अजून मी शाळेच्या दारात पाऊलही ठेवलं नव्हतं. मग तिनं पाटी सोडून घेतली, काखेत मारली आणि म्हणाली, "जा आता. घंटी वाजव जरा, मला आयकू येऊदे." मी वळणापर्यंत वाजवत गेले.

तुम्ही मला एकदाच रागावलात. वर्गातल्या वसाहतीतल्या मुली माझ्या सायकलीजवळून जाताना नाक धरायच्या, म्हणून मी ती शाळेमागच्या कुंपणापलीकडे लपवून ठेवायला लागले. तुम्ही मला हाताला धरून तिथं नेलंत, सायकल बाहेर काढलीत, आणि सगळ्यांसमोर फाटकाच्या अगदी तोंडाशी उभी केलीत. "ही माझ्या बहिणीची सायकल आहे," तुम्ही म्हणालात, आवाज चढलेला, "तिला कुणी लपवलेलं मला चालणार नाही." सायकलीला म्हणालात की मला, ते मी पुष्कळ दिवस ठरवत होते. पुढल्या वर्षी दिवाळ्यातून आणखी तिघी यायला लागल्या, दोघींत एक सायकल, डबलसीट. आम्ही ओळीनं घंटा वाजवत शाळेत पोचायचो. गॅदरिंगला तुम्ही तुमची आवडती गोष्ट सांगायचात: "मी रुजू होऊन चार दिवस झाले नव्हते, आणि दिवाळ्याच्या त्या माउलीनं मला लांबून ओळखून 'बाई, बाई' अशी हाक मारली. त्यांचा उच्चार जरा वेगळा, बाय म्हणतात, पण शिक्षकाबद्दलचा आदर बघा!" समोर आम्ही दिवाळ्याच्या मुली एकमेकींना चिमटे काढत बसायचो.

मी दहावी पास झाले तेव्हा तुम्ही पेढे घेऊन घरी आलात. पुण्याला परत बदली झाल्याचंही त्याच दिवशी सांगितलंत. आयनं खास तुमच्यासाठी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं केलं होतं, वेगळ्या भांड्यात, मासळीचा हात न लावता. तुम्ही जेवत होतात, आणि शेजारची एक म्हातारी दारात येऊन डोकावली, "ही कोन गो?" आय भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणाली, "ही? ही आमची बाय." तुम्ही घास हातात धरून त्या म्हातारीला मान डोलावलीत आणि म्हणालात, "हो, यांच्या शाळेतल्या बाई." आणि पुढं जेवायला लागलात. पाच वर्षांनी तुम्ही गेल्याचं पोस्टकार्ड आलं. आय ते हातात धरून बसली होती, तिला वाचता येत नव्हतं तरी. मी तेव्हा नोकरीला लागले होते, बेलापूरच्या ऑफिसात, नकाशांच्या कपाटांशेजारी. त्या पहिल्या वर्षीच मी एका नकाशावर दिवाळं शोधलं होतं, आणि ते होतं. तुम्हाला ते सांगायचं राहिलं. आता सांगतेय. त्याच्या बाजूनं जाणारा तो रस्ताही होता, आपला.

हे पत्र मी तुमच्या बहिणीच्या सायकलीच्या बास्केटमध्ये ठेवणार आहे. ती अजून पडवीत आहे, टायर गेलेत, घंटा वाजते. तिथून ते कुठं जाणार नाही, म्हणून ज्याच्यासाठी लिहायला बसले ते लिहून टाकते. तुम्ही दोन्ही वेळा चुकीचं ऐकलंत. त्या पहिल्या सकाळी आयनं तुम्हाला ओळखलं नव्हतं. आमच्यात रस्त्यानं जाणाऱ्या कुठल्याही बाईवर खेकसायचं तर 'गो बाय' म्हणतात, काल मलाही म्हणाली ती पोर. तुम्ही शिव्या खाल्ल्यात आणि त्याचा सत्कार करून घेतलात, त्याबद्दल आम्ही खूप हसलो. पण दुसऱ्या वेळी हसण्यासारखं काही नव्हतं. 'आमची बाय' त्या घरात एकीलाच म्हणत. मला. दुसरी मुलगी नव्हती आयला, आणि दुसऱ्या कुणाला तिनं तसं कधी म्हटलं नाही, आधीही नाही, नंतरही नाही. तिनं तुम्हाला शाळेतल्या बाई म्हटलंच नव्हतं. तुम्ही मान डोलावलीत तेव्हा तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, मी तुम्हाला समजावून सांगेन म्हणून. मी खाली मान घालून बिरडं वाढत राहिले. त्या वेळी मला सांगता आलं असतं. खरं सांगू? मला तुमचा हेवा वाटला होता, बाय.